पवई की देवनार? प्रोजेक्ट संपल्यावर फोन कोण उचलणार

इंजिनियरिंग झालंय, आयटीत मन रमत नाही, समाजासाठी काहीतरी करायचंय पण उपाशीही मरायचं नाहीये आणि मुंबई तर सोडायचीच नाही, असं सगळं एकदम डोक्यात असलेली पोरंपोरी दरवर्षी परीक्षांच्या सीझनला मला गाठतात. प्रश्न ठरलेला. पवईच्या आयआयटीत सी-ताराला, म्हणजे तिथल्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रात जाऊ, की देवनारला टिसमध्ये, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेत? मी स्वतः हा निर्णय घेतलाय, माझा कॉलेजातला मित्र पवईला गेला आणि मी देवनारला, त्यामुळे दोन्हीकडच्या कॅन्टीनमधला चहा पिऊन झालाय आणि दोन्हीकडची भांडणं ऐकून झालीयेत. क्रेडिट किती, फी किती, कटऑफ काय हे इथे सांगत बसत नाही, ते दरवर्षी बदलतं आणि साइटवर असतं.

आधी एक गोष्ट, व्हिजन स्टेटमेंट वाचून ठरवणार असाल तर राहू द्या. समाजाभिमुख संशोधन, शाश्वत विकास, समावेशक शिक्षण हे सगळीकडे सारखंच लिहिलेलं असतं. २०१५ मध्ये युनोने शाश्वत विकासाची ती सतरा उद्दिष्टं जाहीर केली, २०१९ पासून टाइम्स हायर एज्युकेशनवाले त्यावरून जगभरच्या युनिव्हर्सिट्यांचं रँकिंग काढायला लागले, आणि इकडे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकच्या सात निकषांमध्ये विस्तारकार्यही आलं आणि संस्थेची मूल्यंही आली, मग काय, प्रत्येक कॉलेजच्या लॉबीत त्या सतरा उद्दिष्टांचं रंगीत चक्र लागलं आणि दर पावसाळ्यात झाडं लावतानाचे फोटो निघायला लागले, लग्नातल्या स्टेजवरच्या फोटोसारखे, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि रोपाकडे कोणीच नाही. वाईट आहे असं म्हणत नाही, झाड लागलं तर लागलं. पण कॅम्पस हिरवा असणं वेगळं आणि तिथलं संशोधन जबाबदार असणं वेगळं. गच्चीवर सोलर बसवलं की लाइटबिल कमी होतं, तुमच्या थिसिसमुळे कोणाचं काय झालं याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

आता मी कशावरून ठरवलं ते सांगतो, कारण खरं सांगायचं तर बाकी सगळे मुद्दे मी नंतर जमवले.

बीईच्या शेवटच्या वर्षाला (कॉलेजचं नाव जाऊ द्या) आमच्या ग्रुपने शहापूरच्या पुढे एका पाड्यावर प्रोजेक्ट केला होता. पाण्याच्या टाकीवर एक डबा, वर छोटं सोलर पॅनल, आत सेन्सर, टाकी रिकामी झाली की लाल दिवा आणि मेसेज. एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या फंडातून, पैसे आले होते. नारळ फुटला, बॅनर लागला, त्यावर सस्टेनेबल व्हिलेज वगैरे लिहिलेलं, सरपंचबाईंचं भाषण झालं. डब्यावर स्टिकर लावायचं ठरलं, कॉलेजचा लोगो, कंपनीचा लोगो आणि खाली संपर्क. कॉलेजचा लँडलाइन कोणी उचलत नाही म्हणून सरांनी सांगितलं तुझाच नंबर टाक, तात्पुरता. तो तात्पुरता नंबर अजून माझ्या खिशात आहे.

व्हायवा झाली, मार्क चांगले पडले, सरांच्या नावाने एका कॉन्फरन्सला पेपरही गेला. मग पावसाळा आला आणि फोन सुरू झाले. पाड्यावरचा वॉलमन, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, फोन करायचा, इंजिनियर साहेब, दिवा लाल झालाय आणि टाकी तर भरलेली आहे. इंजिनियर साहेब, दिवा आता लागतच नाही. मी सरांना विचारलं तर सर दुसऱ्या कॉलेजला गेलेले, कॉलेज म्हणालं प्रोजेक्ट क्लोज झालाय, फंड क्लोज झालाय, कंपनीत ज्या मॅडम बघायच्या त्या आता दुसरं काहीतरी बघत होत्या. एकदा मी आणि मित्र स्वतःच्या पैशाने बॅटरी घेऊन गेलो, बसवली, चाललं काही दिवस, परत बंद. आणि चिडचिड कशाची व्हायची सांगू? तो माणूस कधीच चिडायचा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जमलं तर बघा साहेब, एवढंच. मी तेव्हा नोकरीत, मीटिंगमध्ये फोन वाजायचा, नाव दिसायचं आणि पोटात गोळा यायचा कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि ज्यांच्याकडे असायला हवं होतं त्यांचा नंबर त्या स्टिकरवर नव्हता. शेवटी त्यानेच सांगितलं, डबा काढून ठेवतो, पत्रा कामाला येईल.

तर ह्यानंतर मला कुठल्याही संस्थेचं व्हिजन वाचताना एकच दिसायला लागलं. प्रोजेक्ट संपल्यावर फोन कोण उचलणार? संशोधन चांगलं की वाईट, तंत्रज्ञान भारी की साधं, हे सगळं नंतर. बॅच पास होऊन गेली, फंड संपला, गाइड रिटायर झाले, त्यानंतर त्या पाड्यावरच्या, त्या बस्तीतल्या माणसाने कोणाला गाठायचं, याची काही सोय संस्थेने करून ठेवलीय का. हे मोजायला माझ्याकडे काही फूटपट्टी नाही, दोन्हीकडे जाऊन, लोकांशी बोलून जे वाटलं ते सांगतोय.

पवईपासून सुरू करतो, कारण बहुतेकांचा पहिला कल तिकडेच असतो आणि तो चुकीचा नाही.

सी-तारा १९८५ पासून आहे, म्हणजे सस्टेनेबल हा शब्द फॅशनमध्ये यायच्या आधीपासून. ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान हे नावातच आहे. एमटेक २००७ ला सुरू झालं, त्यात गावात राहून काम करणं कोर्सचाच भाग आहे, आणि कर्जत, मोखाडा ह्या बाजूच्या पाणी योजनांवर तिथल्या पोरांनी जे काम केलंय ते वाचून मी खरंच चाट पडलो होतो. नळयोजना कागदावर पूर्ण आणि उन्हाळ्यात टँकर चालूच, हे का होतं, तर उंचीचा हिशोब चुकलाय, की स्रोत मार्चमध्येच आटतो, की विजेचं बिल भरलं नाही म्हणून पंप बंद आहे, हे पोरं जाऊन मोजून येतात आणि ते परत संबंधित खात्यापर्यंत नेतात. आयआयटीचे प्राध्यापक मिलिंद सोहोनी सर वर्षानुवर्षं हेच मांडत आलेत की मोठ्या संस्थांनी आपल्या भोवतालच्या माणसांचे प्रश्न हाच अभ्यासाचा विषय करायला हवा, पाणी, चूल, एसटी, वीज.

आणि फोनचा प्रश्न त्यांना पडलेला नाही असं अजिबात नाही, उलट त्यांचं उत्तर माझ्या मते कागदावर सगळ्यात हुशार आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारने उन्नत महाराष्ट्र अभियानाचा जीआर काढला, त्यात आयआयटी मुंबई मुख्य भूमिकेत, आणि कल्पना अशी की पवईहून येऊन कोणी किती गावं बघणार, त्यापेक्षा त्या त्या जिल्ह्यातल्या इंजिनियरिंग कॉलेजनेच आपल्या जिल्ह्याचे प्रश्न घ्यावेत, जिल्हा परिषदेने, कलेक्टर ऑफिसने त्यांना कामं द्यावीत. म्हणजे फोन उचलणारा माणूस तालुक्याच्या जवळपासच असेल. पोकराचं उदाहरण घ्या, विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांसाठी वर्ल्ड बँकेच्या मदतीने चालणारी योजना, तिच्यात गावाचा पाण्याचा ताळेबंद काढायची पद्धत आयआयटीकडून आली. पाऊस किती, वाहून किती गेलं, मुरलं किती, पिकाला किती लागणार. एकदा पद्धत योजनेत शिरली की मग आयआयटीचा पोरगा पास होऊन अमेरिकेला गेला तरी काही बिघडत नाही. आयआयटीतच चेतन सोलंकी सरांचा तो सौर दिव्यांचा प्रोजेक्ट होता, दहा लाख दिवे शाळेतल्या मुलांना, त्यातसुद्धा दिवे जोडायला, विकायला आणि दुरुस्त करायला गावातल्याच लोकांना शिकवलं होतं. आमच्या डब्याच्या वेळी हे कोणाला सुचलं असतं तर माझे निम्मे फोन वाचले असते.

मग मी तिकडे का नाही गेलो? एक तर सगळं सरकारी यंत्रणेवर येऊन थांबतं. कलेक्टर उत्साही असला तर काम पळतं, बदली झाली की पुढचे साहेब फाइल उघडतील तेव्हा उघडतील. हा सी-ताराचा दोष नाही, महाराष्ट्रात काम करायचं म्हणजे हे आलंच. दुसरं, आणि हे माझं अगदी वैयक्तिक आहे, फिल्ड लांब. पवईच्या त्या कॅम्पसमध्ये तळ्याकाठी बसलं की मोखाडा फार म्हणजे फारच लांब वाटतं. जाणारी पोरं मनापासून जातात, राहतात, पण परत येतात. पाड्यावरची बाई एसटी पकडून कांजूरमार्गला उतरून मेन गेटवर येऊन सिक्युरिटीला सांगू शकेल का, की मागच्या वर्षी तुमची एक मुलगी आमची विहीर मोजून गेली, तिचं काय झालं? नाही येऊ शकणार. फोनच करेल ती. आणि मला फोनची धास्ती बसलेली.

आता देवनार. मी ज्या बाजूचा आहे ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल, त्यामुळे इथलं जरा चिमूटभर मीठ घालून वाचा.

टिस १९३६ ची, सर दोराबजी टाटांच्या नावाने सुरू झालेली समाजकार्याची शाळा, आधी नागपाड्याला, १९५४ पासून देवनारला. तिची सुरुवातच वस्तीतून झालीय. तिथे एक प्रकार आहे, फिल्ड ॲक्शन प्रोजेक्ट. म्हणजे संशोधन करताना एखादा प्रश्न दिसला की नुसता पेपर न लिहिता त्यावर काम करणारं एक युनिटच उभं करायचं, पगारी माणसं ठेवून, आणि ते वर्षानुवर्षं चालवायचं. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी स्पेशल सेल सुरू झाला, मार खाऊन आलेल्या बाईला तक्रार लिहायच्या आधी ऐकून घेणारी सोशल वर्कर तिथे पोलिसांच्याच आवारात बसलेली असते, आणि पुढे हे राज्य सरकारने उचललं, इतर राज्यांतही गेलं. १९९० पासून प्रयास हा असाच प्रोजेक्ट तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांसोबत काम करतंय. आणि १०९८ तर माहितीच आहे ना? चाइल्डलाइन, अडचणीतल्या मुलांसाठीचा फोन नंबर. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली, जेरू बिलिमोरिया तेव्हा टिसमध्ये शिकवत होत्या, फिल्ड ॲक्शन प्रोजेक्ट म्हणूनच सुरू झाली, मग देशभर पसरली आणि अलीकडे सरकारने स्वतःच्या यंत्रणेत घेतली. मला हे जेव्हा पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसलोच. माझ्या डब्यावर माझा नंबर होता आणि इथे कोणीतरी नंबर हाच प्रोजेक्ट केला होता, रात्री-अपरात्री उचलायला माणूस बसवून.

अजून एक सांगतो, मग थांबतो. २०१८ मध्ये टिसच्या कोशिश ह्या प्रोजेक्टने बिहारमधल्या निवारागृहांचं सोशल ऑडिट केलं, रिपोर्ट सरकारला दिला, त्यात मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर लैंगिक अत्याचार होतायत हे लिहिलेलं होतं. त्यातून एफआयआर झाला, केस दिल्लीच्या कोर्टात चालली आणि २०२० मध्ये शिक्षा झाल्या. रिपोर्ट हा शब्द ऐकला की मला कपाट आठवतं, पण हा रिपोर्ट कपाटात गेला नाही. समाजाला जबाबदार संशोधन म्हणजे काय हे मला कोणी विचारलं तर मी व्याख्या देत नाही, ही केस सांगतो.

आणि अंतर. टिसच्या गेटमधून बाहेर पडलं की एम पूर्व वॉर्ड सुरू. गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, मानखुर्द, पलीकडे १९२७ पासूनचं देवनारचं डम्पिंग. २००९ च्या मुंबईच्या मानव विकास अहवालात ह्या वॉर्डाचा निर्देशांक ०.०५ होता, शहरात सगळ्यात खाली. संस्थेला ७५ वर्षं झाली तेव्हा, २०११ च्या सुमारास, त्यांनी ह्याच वॉर्डाचं काम हातात घेतलं, घराघरातून पाहणी वगैरे. २०१६ मध्ये डम्पिंगला आग लागली तेव्हा तो धूर वर्गातही आला आणि झोपडीतही आला. म्हणजे ज्यांचा अभ्यास करता त्यांच्याच हवेत तुम्ही बसलेले असता. ते तुम्हाला स्टेशनवर भेटतात, वडापावच्या गाडीवर भेटतात आणि विचारतात, त्या सर्व्हेचं काय झालं? माझ्याबाबतीत हे झालंय आणि उत्तर द्यायला लागलंय, नसलं तर दुसऱ्या दिवशी शोधून द्यायला लागलंय, कारण दुसऱ्या दिवशी परत तोच रस्ता. ह्या एका गोष्टीसाठी मी डोंबिवलीहून कुर्ल्याला उतरून हार्बरची गर्दी सहन केली, नाहीतर कांजूरला उतरणं मला कितीतरी सोपं होतं.

टिसच्या विरुद्ध जाणारं पण सांगायला हवं, नाहीतर जाहिरात होईल. पहिलं म्हणजे ह्या सगळ्या प्रोजेक्टांचा जीव फंडात. जून २०२४ मध्ये टाटा ट्रस्टकडून येणारं अनुदान अडकलं म्हणून शंभराहून जास्त शिक्षक-कर्मचाऱ्यांना काढल्याच्या नोटिसा गेल्या होत्या, दोनेक दिवसांत मागे घेतल्या, पण जे कळायचं ते कळलं. फोन उचलणारी माणसंच कंत्राटावर असतील तर माझा सगळा मुद्दा डळमळतो हे मला मान्य आहे. दुसरं, त्या वॉर्डाला आता सर्व्हेचा कंटाळा आलाय, टिसच कशाला, सगळ्या मुंबईचे विद्यार्थी तिथेच येतात, एखादी ताई दार उघडताच सगळी माहिती पाठ म्हणून दाखवते आणि दार लावते. तिसरं, तंत्राची बाजू कच्ची. पंप का जळला हे टिसवाला सांगू शकणार नाही, पंप जळल्यावर कुठल्या गल्लीत पाणी आलं नाही आणि का त्याच गल्लीत आलं नाही ते मात्र बरोब्बर सांगेल. मी हॅबिटॅट स्टडीजमध्ये पाण्याच्या धोरणाचा कोर्स केला तेव्हा माझं इंजिनियरिंग मला वर्गात उपयोगी पडलं ते ह्याच कारणाने, आणि पवईच्या मित्राशी रात्री-अपरात्री फोनवर वाद घालायलाही तेच उपयोगी पडलं.

पैशाचं पटकन. गेट परीक्षा देऊन एमटेकला गेलात तर महिना १२,४०० स्टायपेंड मिळतो, फार नाही पण घरच्यांना तोंड दाखवता येतं. टिसमध्ये एमएला तुम्हीच फी भरायची, स्कॉलरशिपसाठी अर्जांच्या मागे लागायचं. पुढच्या नोकऱ्यांत म्हणाल तर आयआयटीचा शिक्का कुठेही चालतो, अगदी सगळं सोडून परत आयटीत जायचं ठरलं तरी. टिसचा शिक्का ह्या क्षेत्रात वजनदार, क्षेत्राबाहेर लोक विचारतात म्हणजे एनजीओ का. घरी बाबांना समजावताना पवई एका वाक्यात समजते, देवनारला पूर्ण रविवार लागतो.

मुंबई युनिव्हर्सिटीचं कोणी विचारत नाही पण विचारायला हवं. १८५७ ची, फी परवडणारी, एनएसएस आणि लाइफलाँग लर्निंगचं एक्स्टेन्शनचं काम किती कॉलेजांत चालतं बघा, एवढी पोहोच ना पवईकडे ना देवनारकडे. फक्त तिथे तुम्हाला चांगला गाइड स्वतः शोधावा लागेल, मिळाला तर मग प्रश्नच नाही. त्यावर मी फार बोलत नाही, मला अनुभव नाही.

मग कोणी कुठे? तुम्हाला मोजायला आवडत असेल, पाइपचा व्यास, पाण्याची पातळी, एक्सेलमध्ये रात्र काढणं, आणि सरकारी ऑफिसात तासन् तास बसायचा पेशन्स असेल, तर पवई, दुसरा विचार नको. मोजून झाल्यावर समोरच्या माणसाच्या घरात चहा घेताना तुम्हाला जास्त काही सापडत असेल तर देवनार. दोन्ही असेल तर, माझ्या अंदाजाने, तुम्ही देवनारला जास्त टिकाल, कारण मोजायला नंतरही शिकता येतं, लोकांना तोंड द्यायची सवय उशिरा लागत नाही. माझा मित्र ह्याच्या बरोबर उलट सांगतो, आणि तो काही मूर्ख नाही, त्यामुळे त्याच्याशीही बोला.

इंटरव्ह्यूला जायच्या आधी दोन्हीकडे जाऊन सेकंड इयरच्या पोरांना कॅन्टीनमध्ये गाठा. प्लेसमेंट काय हे विचारू नका, ते फुगवून सांगतात. तुमच्या आधीच्या बॅचने जिथे काम केलं तिथे आत्ता कोण जातं, हे विचारा. लगेच कोणाचं तरी नाव सांगितलं तर ठीक, एकमेकांकडे बघायला लागले तर काय ते समजा.

परीक्षांचं म्हणाल तर गेट फेब्रुवारीत असते आणि टिसची पूर्वी टिसनेट असायची, आता सीयूईटी-पीजीतून जावं लागतं, ती साधारण मार्चमध्ये, त्यामुळे दोन्ही देता येतात आणि द्याच. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. टिसची दोन वर्षं करून वाटलं की नाही बुवा, आपल्याला पंपच उघडून बघायचाय, तर तिसऱ्या वर्षी त्याच स्कोअरवर पवईला अर्ज टाकता येतो. उलटं केलंत तर सीयूईटी परत द्यावी लागेल.